राखण आणि पाळत

मराठींत 'राखण' आणि 'पाळत' असे दोन शब्द आहेत. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें पाहिलें तर दोहोंचा मूळ अर्थ एकच. एक 'रक्ष्' धातूपासून आलेला, दुसरा 'पाळणें' या क्रियापदापासून. तरीहि शेताची आपण राखण करतों आणि संशयितावर पाळत ठेवतों. या दोहोंची अदलाबदल कोणी करीत नाहीं. राखणींत दृष्टि ज्याचें रक्षण करावयाचें त्याच्यावर असते. पाळतींत ती ज्याचें भय वाटतें त्याच्यावर असते. आपल्या गांवाच्या, आळीच्या किंवा वसाहतीच्या रक्षणांत रहिवाशानें कितपत भाग घ्यावा, आणि तो कोणत्या रीतीनें घ्यावा, या प्रश्नाची किल्ली या भेदांत आहे असें मला वाटतें.

या प्रश्नाला सुशिक्षित मनुष्य सामान्यतः दोन उत्तरें देतो, आणि मौज अशी कीं, दोन्ही उत्तरें एकाच दिवशीं एकाच तोंडून ऐकूं येतात. सकाळीं वर्तमानपत्रांत घरफोडीची बातमी वाचली म्हणजे तो म्हणतो, 'पोलीस काय करतात? आम्ही कर कशासाठीं भरतों?' सायंकाळीं चार मंडळींत तीच गोष्ट निघाली म्हणजे तो म्हणतो, 'असल्यांना चौकांत आणून बदडून काढलें पाहिजे.' पहिल्या उत्तरांत रक्षणाचें सारें ओझें दुसऱ्याच्या डोक्यावर आहे. दुसऱ्या उत्तरांत चौकशी, निवाडा आणि शिक्षा हे तिन्ही अधिकार आपल्याच मुठींत आहेत. दिसावयास हीं दोन टोकें आहेत खरीं. पण दोहोंतहि बोलणाऱ्याच्या वांट्याला रोजचें असें कांहींच काम येत नाहीं, आणि म्हणूनच दोन्ही उत्तरें इतकीं लोकप्रिय आहेत. प्रस्तुत लेखांत विचार करावयाचा तो या दोहोंच्या मधल्या, रोजच्या कामाचा.

आपल्याकडे हें काम पूर्वीं कसें चालत असे, हें आधीं पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतींत असा नियम आहे कीं, चोरी झाली आणि चोराच्या पावलांचा माग गांवाच्या शिवेबाहेर गेल्याचें दाखवितां आलें नाहीं, तर दोष गांवाच्या रक्षणकर्त्यावर येतो. माग ज्या गांवांत शिरला असेल त्या गांवानें नुकसान भरून द्यावें. हा नियम ग्रंथांतच राहिला नव्हता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननें १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या जागल्याचें काम वर्णिलें आहे: रात्रीं गस्त घालावी, गांवांत आला-गेला ध्यानांत ठेवावा, प्रत्येकाची चालचलणूक माहीत असावी, आणि चोरी झाल्यास माग काढीत शिवेपर्यंत जाऊन तो पुढच्या गांवच्या राखणदाराच्या हवालीं करावा. मग पुढच्या गांवानें तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवावयाचा. इंग्लंडांतहि १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्यानें अशीच व्यवस्था होती. ज्या टापूंत दरोडा पडला त्या टापूंतील लोकांनीं गुन्हेगार हजर करावा, नाहीं तर भरपाई द्यावी. शहराच्या वेशीवर रात्रीं पहारा असावा. आणि अनोळखी मनुष्य आढळल्यास त्याला सकाळपर्यंत अटकावून ठेवावें.

दूरदूरच्या दोन समाजांनीं एकमेकांना न विचारतां एकच तोडगा काढला, यावरून त्यांत कांहीं तथ्य असलें पाहिजे. तें तथ्य असें कीं, चोरी एकाच्या घरीं झाली तरी ती शक्य होते अनेकांच्या बेफिकिरीमुळें. म्हणून तिची झळ अनेकांना लागली पाहिजे. नुकसान सर्वांनीं भरावयाचें असलें म्हणजे शेजाऱ्याच्या दाराकडे लक्ष जातेंच. जबाबदारीच्या भावनेवर समाज चालत नाहीं, जबाबदारीच्या व्यवस्थेवर चालतो, हें या जुन्या लोकांनीं नीट ओळखलें होतें.

परंतु या व्यवस्थेचें गुणगान करून थांबणें हें अर्धसत्य होईल. गांवाची राखण प्रत्यक्षांत करीत असे कोण? वेशीवर उभा राहणारा येसकर महार समाजाचा असे. रात्रीची गस्त बहुधा रामोशी किंवा त्याच्यासारखा दुसरा जागल्या घालीत असे. ज्याला गांवाच्या विहिरीवर पाणी भरूं दिलें जात नसे, त्याच्या भरंवशावर गांव निर्धास्त झोपत असे. हें काम त्याच्याकडे आवडीनें आलेलें नव्हतें, तें जन्मानें येई. आणि त्याचा मोबदला म्हणजे बलुतें व वतनाचा जमिनीचा तुकडा. ही गुलामगिरी आहे हें ओळखून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनाच्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारें विधेयक आणलें. पण कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. इंग्रजी अमलांत तर आणखी एक चमत्कार घडला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांनीं कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. ज्यांच्या हातीं कालपर्यंत गांवची राखण होती, त्यांच्यापैकीं कांहींवर आतां सरकारची पाळत आली. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द झाला नाहीं.

तेव्हां जुन्या व्यवस्थेपासून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. रक्षण हें सर्वांचें काम आहे हें तिनें ओळखलें. पण तें काम जो करतो तोहि त्या 'सर्वां'पैकींच एक आहे, हें तिनें कधीं मानलें नाहीं. आज शहरांतील वसाहतींच्या फाटकावर बारा-बारा तास उभा राहणारा पहारेकरी पाहिला म्हणजे हा दुसरा दोष आपण वारशानें जपला आहे असें दिसतें. त्याला येणाऱ्या प्रत्येकाचें नांव वहींत लिहावें लागतें. त्याचें स्वतःचें नांव मात्र वसाहतींतील किती जणांना माहीत असतें? ज्याला आपण आपल्यांत धरीत नाहीं त्याच्याकडून आपुलकीच्या रक्षणाची अपेक्षा करणें, हा नीतीचा तर दोष आहेच, शिवाय तो साध्या व्यवहाराचाहि दोष आहे.

आतां शहराकडे वळूं. रक्षणाचें काम एका अधिकाऱ्याच्या हातीं सर्वस्वीं सोंपवून नागरिक मोकळे झाले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण पुण्यानें १७९१ सालीं पाहिलें. घाशीराम कोतवालाच्या चौकींत कोंडून घातलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि मग खवळलेल्या लोकांनीं त्या कोतवालाला दगडांनीं ठेंचून मारलें. वर्षानुवर्षें त्याला हिशेब विचारणारें कोणी नव्हतें. आणि हिशेब विचारण्याची वेळ आली तेव्हां दगडाखेरीज दुसरें साधन लोकांना आठवलें नाहीं. आरंभीं सांगितलेलीं दोन उत्तरें येथें एकामागून एक आलेलीं दिसतात. पहिल्यानेंच दुसऱ्याचा मार्ग तयार केला.

लंडनमध्यें १८२९ सालीं रॉबर्ट पील यानें नवें पोलीस दल उभारलें. पोलीस हा नागरिकच असून, जें कर्तव्य सर्वांचें तेंच पूर्णवेळ करण्याबद्दल त्याला वेतन मिळतें, हा विचार पीलच्या नांवावर मोडतो. तो शब्दांत मांडला पुढच्या लेखकांनीं. विचार मात्र मोलाचा आहे. वेतन दिल्यानें कर्तव्य विकलें जात नाहीं. त्याचा कांहीं भाग दुसऱ्याच्या हातून करून घेतला जातो, इतकेंच. हिंदुस्थानांत १८५७ नंतर जें पोलीस खातें घडविण्यांत आलें त्याचा नमुना लंडनचा नव्हता. तो बहुतांशीं आयर्लंडच्या सशस्त्र दलाचा होता. जनतेंतून उगवलेलें दल आणि जनतेवर बसविलेलें दल यांत जो फरक, तो येथें पहिल्या दिवसापासून होता. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपण मुलांना शहाणपण म्हणून शिकवितों. पोलीस ठाण्याची पायरी तर त्याहूनहि उंच वाटते. राज्य आपलें होऊन पाऊणशें वर्षें लोटलीं, तरी ती पायरी अद्यापि फारशी खालीं आलेली नाहीं.

मग लोकांनीं स्वतःच राखण केली तर? येथें महाराष्ट्रांतील दोन घटनांचें स्मरण करणें प्राप्त आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं आठवड्याच्या बाजारीं आलेल्या पांच जणांना, मुलें पळविणारी टोळी समजून, जमावानें ठार मारलें. ते सोलापूर जिल्ह्यांतून आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा मागून पोट भरणारे. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधु आणि त्यांचा मोटारचालक यांचा अशाच रीतीनें अंत झाला. दोन्ही ठिकाणीं अफवा आधीं येऊन पोंचली होती. माणसें मागून आलीं.

या घटनांतील क्रौर्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट निराळी आहे. त्या जमावांतील बहुतेकांना त्या क्षणीं आपण गांवाचें, आपल्या लेंकरांचें रक्षण करीत आहोंत असेंच वाटत असणार. हेतु विचारला असता तर त्यांनीं तोच सांगितला असता, आणि तो खोटाहि नसता. तेव्हां राखण आणि खून यांतील सीमारेषा हेतूवर आखतां येत नाहीं. ती दुसऱ्या कशावर तरी आखली पाहिजे.

येथें आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. मेलेले बहुतेक सर्व फिरस्ते होते. डवरी गोसावी, वासुदेव, पिंगळा, जोशी हे एके काळीं गांवाला अनोळखी नव्हते. त्यांचें येण्याचें ठराविक दिवस असत, त्यांची ठराविक घरें असत. घरची बाई पसाभर दाणे घालतांना गेल्या वर्षाची विचारपूस करी. जुन्या गांवाचा सारा अन्याय मान्य करूनहि एवढें म्हटलें पाहिजे कीं, परक्याला ओळखण्याची एक रीत त्या गांवापाशीं होती. आज त्या गांवाच्या खिशांत सर्व जगाची बातमी आहे, आणि दारांत उभ्या असलेल्या माणसाला 'कोठून आलास बाबा?' असें विचारून उत्तर ऐकून घेण्याइतका धीर मात्र उरलेला नाहीं. माहिती वाढली आणि ओळख आटली. भय वाढण्यास याहून अधिक कांहीं लागत नाहीं.

म्हणून मी सीमारेषा दोन कसोट्यांवर आखतों. पहिली ओळखीची: रक्षण करणारा ज्यांच्यांत वावरतो त्यांना ओळखतो काय, आणि अनोळखी मनुष्य समोर आला असतां त्याला ओळखून घेण्याची खटपट करतो काय? दुसरी उत्तरदायित्वाची: आपण जें केलें त्याचा जाब तो उद्यां उजेडांत, नांवानिशीं द्यावयास तयार आहे काय? जमाव या दोन्ही कसोट्यांना उतरत नाहीं. तो समोरच्याला ओळखत नाहीं, आणि त्याला स्वतःला नांव नसतें.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. ज्याच्याकडे जाब मागावयाचा, ज्याच्याकडे तक्रार न्यावयाची, तोच जर ऐकत नसेल तर? नागपुरांत १३ ऑगस्ट २००४ रोजीं एका कुप्रसिद्ध गुंडाला न्यायालयाच्या दालनांतच जमावानें मारून टाकलें. त्याच्या अत्याचारांनीं वर्षानुवर्षें पोळलेल्या वस्तींतील स्त्रिया त्या जमावांत असल्याचें सांगण्यांत आलें. या घटनेला राईनपाड्याच्या पंक्तीला बसविणें मला अन्यायाचें वाटतें. येथें मारणाऱ्यांना तो मनुष्य पुरता ठाऊक होता; पहिली कसोटी तेथें फसली नव्हती. पण म्हणून तें कृत्य रक्षण ठरतें काय? मला तसें म्हणवत नाहीं. त्या वस्तीला त्या दिवशीं सुटका मिळाली असेल, रक्षण मिळालें नाहीं. कारण पुढच्या गुंडाच्या वेळीं ऐकणारा कान त्या कृत्यानें निर्माण झाला नाहीं. मात्र त्या स्त्रियांना नीतीचा उपदेश करण्याचा अधिकार ज्यांनीं त्यांच्या तक्रारी ऐकल्या नाहींत त्यांना नाहीं, आणि शेजारच्या सुखवस्तु वस्तींत राहून ज्यांनीं चौकशीहि केली नाहीं त्या तुम्हांआम्हांलाहि नाहीं. ज्या समाजांत दुर्बळाची फिर्याद एकट्यानें जाते तेथें ती परत येते; चार प्रतिष्ठित माणसें तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत चालत गेलीं, तर पुष्कळदां तिची नोंद होते. हें चालत जाणें हा रक्षणाचाच भाग आहे. त्यांत शौर्य दिसत नाहीं म्हणून तें कमी मोलाचें ठरत नाहीं.

दोन्ही कसोट्यांना उतरलेलें एक उदाहरण आपल्याच प्रांतांत आहे. भिवंडींत १९७० आणि १९८४ सालीं भयंकर दंगली झाल्या होत्या. १९८८ नंतर तेथील पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या स्थापन केल्या. समितींत हिंदु व मुसलमान दोन्ही; पुढाऱ्यांपेक्षां यंत्रमागावरचा कामगार, दुकानदार, रिक्षावाला, अशा सामान्य माणसांवर भर; आणि प्रत्येक समितीशीं एक साधा पोलीस शिपाई बांधलेला. काम काय? तर नळावरचें भांडण, गटाराची तक्रार, भाडेकरूचा तंटा, असलीं क्षुल्लक प्रकरणें एकत्र बसून मिटविणें. डिसेंबर १९९२ मध्यें अयोध्येंतील बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली. डिसेंबर आणि जानेवारी मिळून सरकारी गणनेप्रमाणें नऊशें माणसें मेलीं. मुंबईपासून हाकेच्या अंतरावर असलेली, दंगलींसाठींच नांव गाजलेली भिवंडी मात्र शांत राहिली.

भिवंडींत रक्षणाचें काम डिसेंबरच्या त्या रात्रींत झालें नाहीं. तें आधींच्या चार वर्षांत, नळावरच्या भांडणांच्या निमित्तानें होऊन चुकलें होतें. अफवा आली तेव्हां ती ज्याच्याविषयीं होती त्या माणसाला ओळखणारा कोणी तरी प्रत्येक गल्लींत होता. आणि खरें काय तें कोणाला विचारावें हेंहि ठाऊक होतें. पुढें १९९४ पासून मुंबईंतहि मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. अशा प्रयत्नांचें मर्मस्थान एकच असतें. ते एखाद्या चांगल्या अधिकाऱ्याच्या आधारावर उभे राहतात, आणि त्याची बदली झाली कीं त्यांना ओहोटी लागते. हा दोष अधिकाऱ्याचा नव्हे, नागरिकांचा आहे. दुसऱ्यानें बोलावलें म्हणून जे बैठकीला येतात, ते बोलावणें थांबलें म्हणजे घरीं बसतात.

आतां प्रत्यक्ष कर्तव्याविषयीं थोडें. कायद्यानें रहिवाशाच्या हातीं दिलेला अधिकार बेताचाच आहे, आणि तो बेताचा आहे हें योग्यच आहे. आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला कोणाहि नागरिकास पकडतां येतें. पण २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणें त्याला सहा तासांच्या आंत पोलिसांच्या स्वाधीन करावें लागतें. म्हणजे धरण्याचा अधिकार आहे, मारण्याचा नाहीं. अपघातांत सांपडलेल्याला मदत करणाऱ्यास चौकशीचा जाच होऊं नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं संरक्षण दिलें, आणि २०१९ सालीं तें मोटार वाहन कायद्यांत आलें. 'नसती ब्याद नको' ही सबब त्या बाबतींत आतां उरलेली नाहीं.

परंतु खरी परीक्षा रस्त्यावर होत नाहीं. आपल्या साऱ्या सुरक्षासमित्या फाटकाकडे तोंड करून बसलेल्या असतात. भिंत उंच करावी, कॅमेरा बसवावा, फेरीवाल्याला आंत सोडूं नये, हे त्यांचे ठराव. बाहेरून येणाऱ्या चोरावर त्यांची पाळत असते. पण स्त्रीला आणि लेंकराला मार बसतो तो पुष्कळदां परक्याच्या हातून नव्हे, घरच्याच माणसाच्या हातून, आणि तोहि बंद दाराआड. जिन्यांतल्या प्रत्येकाला तो आवाज ऐकूं येतो, आणि प्रत्येक जण म्हणतो, 'त्यांच्या घरची बाब आहे.' २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें, असा अत्याचार घडत आहे असें ज्याला सकारण वाटेल अशा कोणालाहि संरक्षण अधिकाऱ्याकडे कळविण्याची मुभा दिली आहे, आणि सद्भावनेनें कळविणाऱ्यावर कसलीहि जबाबदारी येत नाहीं असें स्पष्ट म्हटलें आहे. कायद्यानें दार उघडून ठेविलें आहे. जिन्यांतील माणसें मात्र आपलीं दारें लावून घेतात.

तीं निर्दय असतात असें नाहीं. १९६८ सालीं डार्ली आणि लाटाने या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलींत कोणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकूं आल्यावर, ऐकणारे आपण एकटेच आहोंत असें ज्यांना वाटत होतें त्यांच्यापैकीं शेंकडा ८५ जण तो संपण्यापूर्वींच मदतीसाठीं उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असें ज्यांना वाटत होतें त्यांच्यापैकीं फक्त ३१. माणसें तींच, करुणाहि तीच. पण ती पांचांत वाटली गेली आणि प्रत्येकाच्या वांट्याला आलेला तुकडा उठून उभें राहण्यास पुरला नाहीं. यावर उपाय उपदेशाचा नाहीं. कोणाला कळवावयाचें, कोणीं दार ठोठवावयाचें, हें आधींच ठरलेलें असणें हा आहे. जुन्या गांवानें तें जातीवर ठरविलें आणि पाप केलें. आपण तें पाळीपाळीनें, आपखुषीनें ठरवूं शकतों.

त्याशिवाय साक्ष देण्याचें काम आहेच. पाहिलेलें सांगणें, तेंहि न्यायालयांत, वर्षें लोटल्यावर, उलटतपासणी सोसून सांगणें, याला काठी उचलण्यापेक्षां अधिक धैर्य लागतें. आणि न सांगण्याचेंहि एक काम आहे: न पाहिलेलें पुढें न सांगण्याचें. हातांतील यंत्रावर आलेली अफवा तेथेंच थांबविणारा मनुष्य त्या रात्रीं कोणाचा जीव वांचवितो हें त्याला कधींच कळत नाहीं. ज्या सत्कृत्याचा पुरावा कर्त्यालाहि मिळत नाहीं तें करीत राहणें, ही नागरिकत्वाची शिकवण कोणत्याहि शाळेंत मिळत नाहीं.

जुन्या नियमांत एक शहाणपण होतें, तें पुन्हां आठवावेंसें वाटतें. चोरी झाली म्हणजे गांवानें पहिल्यानें परक्याकडे बोट दाखवावयाचें नसे. पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जावें लागे, आणि तो बाहेर गेल्याचें सिद्ध करावें लागे. तें सिद्ध होईपर्यंत जबाबदारी आपली. आपणहि आपल्या वस्तींतील प्रत्येक दुःखाचा माग असाच काढूं लागलों, तर फारच थोडे माग शिवेबाहेर गेलेले दिसतील. बरेचसे आपल्याच जिन्यांत, आपल्याच मजल्यावर येऊन थांबतील.